किडनीतला पांढरा ठिपका नेमका कुठे आहे, ते विचारा

रविवारी विहारात वंदना आटोपली की माझ्याभोवती प्लास्टिकच्या पिशव्या जमू लागतात. पिशवीत एक्स-रे, सोनोग्राफीचे रिपोर्ट, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलवाल्याची बिले. मी ३४ वर्षे महापालिकेच्या एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी केली. निवृत्त झालो तरी वस्तीत अजून सगळे मला ‘एक्स-रेवाले काका’च म्हणतात. मी डॉक्टर नाही आणि कोणाला औषध सांगत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. रिपोर्टात काय लिहिले आहे ते मराठीत समजावतो आणि पुढे कोणत्या विभागात जायचे तेवढे सांगतो.

या पिशव्यांत हल्ली एक शब्द फार दिसतो. कॅल्सिफिकेशन. कुठे ‘कॉन्क्रिशन’, कुठे ‘कॅल्क्युलस’, कुठे ‘नेफ्रोकॅल्सिनोसिस’. घरी गेल्यावर या सगळ्यांचा अर्थ एकच होतो: मुतखडा. मग जो तो उपाय सांगतो. पानफुटीची पाने चावून खा, हुलग्याचे कढण प्या, दूध बंद करा, टोमॅटो बंद करा. पुरुषमंडळींना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बिअर प्या. (हा सल्ला देणारा मित्र सोबत बसायलाही तयार असतो, असे माझ्या पाहण्यात आहे.)

मला आज एवढेच मांडायचे आहे की किडनीत कॅल्शियम आहे हे कळणे ही अर्धीच माहिती आहे. ते किडनीच्या कोणत्या भागात आहे, एका बाजूला आहे की दोन्ही, विखुरलेले आहे की रांगेत, यावरून ते का जमले याचा माग लागतो. हा प्रश्न आपण विचारत नाही, आणि खरे बोलायचे तर आपल्यासारख्यांच्या बाबतीत तो तपासणारेही फारसे विचारत नाहीत.

आमच्या गल्लीतली एक मुलगी. तेव्हा ती १६ वर्षांची होती, दिसायची ११-१२ वर्षांची. पोटात, कमरेत दुखायचे. कधी कधी सकाळी उठताच यायचे नाही, हातापायांत जीवच नसायचा, दुपारपर्यंत पुन्हा बरे वाटायचे. शेजारचे म्हणायचे, पोरगी शाळा चुकवायला नाटक करते. सोनोग्राफी झाली, ‘दोन्ही किडन्यांत अनेक खडे’ असे सांगितले गेले. एका खासगी दवाखान्यात दोन वेळा मशीनने खडे फोडायचा प्रयत्न झाला. आईने गळ्यातले डोरले मोडले. खडे गेले नाहीत, जाणारही नव्हते. तिसऱ्या वेळी ती आमच्या रुग्णालयात आली. मी पोटाचा साधा एक्स-रे काढला आणि प्लेट दिव्यावर लावली, तर दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या ठिपक्यांचे झुबके, सारख्याच अंतरावर, गोल मांडलेले. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे खडे नाहीत. हे किडनीच्या मांसात बसलेलं कॅल्शियम आहे. हिचं पोटॅशियम कोणी तपासलंय का?”

कोणीच तपासले नव्हते.

त्या मुलीकडे पुन्हा येतो. आधी किडनीची रचना थोडी समजून घेऊ. ज्यांच्या घरी मटण होते त्यांनी गुर्दा उभा चिरून पाहिलेला असेल. बाहेरची गडद साल आणि आतला फिकट गर असे दोन भाग स्पष्ट दिसतात. माणसाच्या किडनीतही तसेच आहे. बाहेरच्या सालीत रक्त गाळायच्या बारीक जाळ्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात सोडतात. लघवी होते ती लिटर-दीड लिटर. हे परत शोषण्याचे काम करणाऱ्या नळ्यांचा शेवटचा प्रवास आतल्या गरात होतो. माणसात या गराचे सुळके असतात, एका किडनीत साधारण आठ ते अठरा. प्रत्येक सुळक्याच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. तिथून लघवी थेंब थेंब खालच्या पेल्यात पडते आणि तिथून मूत्रनळीतून मूत्राशयात जाते.

मुतखडा असतो तो या पेल्यात किंवा त्याच्या पुढच्या वाटेत. तो नळात अडकलेल्या खड्यासारखा. काढता येतो, फोडता येतो, लहान असला तर आपोआपही पडतो. नेफ्रोकॅल्सिनोसिस म्हणजे किडनीच्या मांसातच कॅल्शियम बसणे. आपल्या घरांच्या भिंतींना पावसाळ्यानंतर लोणा लागतो ना, तसे हे आहे. लोणा लागलेल्या भिंतीसाठी कोणी नळाची तोटी बदलत नाही. ओल कुठून येते ते बघावे लागते. त्या मुलीच्या बाबतीत दोन वेळा तोटी बदलण्याचेच काम झाले.

सुळक्याच्या टोकाला काय घडते, याचा शोध तसा जुना आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातले मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडल यांनी १९३०च्या दशकात मृत माणसांच्या हजारावर किडन्या उघडून प्रत्येक सुळक्याचे टोक नजरेखालून घातले. सुमारे पाचांतल्या एका व्यक्तीत त्यांना टोकावर मलईच्या रंगाचा चट्टा सापडला, आणि काही ठिकाणी त्या चट्ट्यालाच चिकटलेला बारीक खडा. खडा आधी भिंतीवर उगवतो, मोठा होतो आणि मग सुटतो, असे त्यांनी १९३७ साली मांडले. त्या चट्ट्याला आजही रँडल प्लाक म्हणतात. मला या माणसाचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की त्यांनी सुटलेल्या खड्याचा अभ्यास करत बसण्याऐवजी तो जिथून सुटला ती जागा शोधली.

पुढे बरीच वर्षे हे काम मागे पडले. २००३ साली इंडियाना आणि शिकागोच्या संशोधकांनी, अँड्र्यू इव्हान, फ्रेडरिक को, जेम्स लिंगमन आणि त्यांचे सहकारी यांनी, खडे काढायच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच जिवंत रुग्णांच्या सुळक्यांचे बारीक तुकडे घेऊन तपासले. नेहमीचा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा होणाऱ्यांत कॅल्शियमचे कण नळ्यांच्या आत नव्हतेच. गरातल्या सर्वांत पातळ नळ्यांच्या बाहेरच्या अस्तरात ते सुरू झाले होते, तिथून आसपासच्या मांसात पसरून टोकाच्या कातडीखाली चट्टा झाला होता. हे कण हाडात असते त्याच जातीच्या कॅल्शियम फॉस्फेटचे होते. याउलट, वजन कमी करण्यासाठी आतड्याची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांत असा चट्टा नव्हता. त्यांच्या शेवटच्या नळ्यांच्या आतच कण बुचासारखे घट्ट बसले होते. म्हणजे दोघांचेही खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच, पण सुरुवात वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणाने.

त्याच गटाने आणखी एक गोष्ट मोजली. लघवीत कॅल्शियम जितके जास्त आणि लघवी जितकी कमी, तितका सुळक्यावरचा चट्टा मोठा. ही लघवी कमी असण्याची गोष्ट लक्षात ठेवा.

सूक्ष्मदर्शकाखालचे हे चट्टे एक्स-रेवर दिसत नाहीत. एक्स-रेवर, सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसते ती पुढची पायरी. त्यातही सोनोग्राफीत दोन-तीन मिलिमीटरचा एखादा ठिपका लिहून आला तर घाबरून जाऊ नये. पुष्कळदा त्यातून काहीही निघत नाही. मी सांगतो आहे ते त्यापेक्षा ठळक नमुन्यांबद्दल.

किडनीतले कॅल्शियम बहुतेक वेळा आतल्या गरात बसते. दोन्ही बाजूंचे सुळके पांढरे झालेले दिसले, म्हणजे दोष एका किडनीचा नसून सगळ्या शरीराचा असण्याची शक्यता मोठी. त्याची तीन-चार ठरावीक कारणे आहेत. एक कारण मानेत असते. गळ्यातल्या थायरॉइडच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. त्यातली एखादी वाढली की हाडांतले कॅल्शियम रक्तात ओतू लागते. एका ४५ वर्षांच्या मावशीचे तीन वेळा खडे काढून झाले होते. नंतर त्या न्हाणीत साध्या घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. आमच्याकडे त्यांच्या हाताचा एक्स-रे झाला, तर बोटांची हाडे एका कडेने उंदराने कुरतडल्यासारखी. खडा आणि हाड या दोन दुखण्यांचे मूळ एकच होते, ते गळ्यात होते, आणि रक्तातले कॅल्शियम एकदा तपासले असते तर पहिल्या खड्याच्या वेळीच कळले असते. ग्रंथी काढल्यावर हा आजार बरा होतो. आपल्या देशात तो बऱ्याचदा असा हाडे मोडेपर्यंत वाढल्यावरच सापडतो.

दुसरे कारण आपणच घरात आणतो, आणि त्याबद्दल मला राग आहे. अंग दुखते, गुडघे दुखतात म्हटले की ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन. सहा लाख युनिटचे. पंधरा दिवसांनी पुन्हा दुखले की पुन्हा तेच. कोणी साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आणतो. ती आठवड्याला एक घ्यायची असते. चिठ्ठीवरचे इंग्रजी कळत नाही म्हणून रोज एक घेतली जाते. ड जीवनसत्त्व लघवीतून सहज निघून जात नाही, ते चरबीत साठते. प्रमाणाबाहेर झाले की रक्तातले कॅल्शियम चढते, भूक मरते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, भ्रमिष्टासारखे वागणे, आणि इकडे किडनीत कॅल्शियम बसू लागते. किडनी कायमची जाऊही शकते. ज्यांना खरोखर कमतरता आहे त्यांनी औषध घ्यावेच. आपल्या अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या बायका-मुलांत कमतरता खूप आहे. पण आतापर्यंत किती इंजेक्शने झाली याचा हिशोब घरात लिहून ठेवा आणि नवीन डॉक्टरकडे गेलात तर तो कागद आधी दाखवा.

तिसरे कारण त्या मुलीचे. तिच्या रक्तात पोटॅशियम फार कमी निघाले आणि रक्त आम्लधर्मी. किडनीने लघवीतून आम्ल बाहेर टाकायचे असते, तिच्या किडनीच्या नळ्यांना ते जमत नव्हते. या आजाराला रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस म्हणतात. आम्ल शरीरात राहते, ते मारायला हाडांतले क्षार वापरले जातात, म्हणून उंची खुंटते. पोटॅशियम वाहून जाते, म्हणून सकाळी पाय उचलत नव्हते. मोकळे झालेले कॅल्शियम आम्ल नसलेल्या लघवीत चटकन गोठते आणि सुळक्यांत बसते. नाटक नव्हते ते. यावरचे औषध म्हणजे आम्ल मारणारा क्षार, सायट्रेटचे पातळ औषध, आणि पोटॅशियम. महागडे काही नाही, मात्र कायम घ्यावे लागते. हा आजार कधी घराण्यात चालतो, म्हणून भावंडे तपासावीत. काहींना ऐकूही कमी येते. मोठ्या वयात बायकांना झाला, आणि डोळे-तोंड सारखे कोरडे पडत असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा लागतो.

कॅल्शियम बाहेरच्या सालीत बसलेले मी माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिले. किडनीच्या कडेने पांढरी पातळ रेघ, अंड्याच्या टरफलासारखी. अशा एका प्लेटवरची बाई बाळंतपणात भयंकर रक्तस्राव होऊन वाचलेली होती. रक्त न मिळाल्याने साल मेली आणि मेलेल्या जागी कॅल्शियम बसले. बाळंतपण दवाखान्यात करा, गर्भपात करायची वेळ आली तर सरकारमान्य ठिकाणीच करा, असे परिचारिका कानीकपाळी ओरडून सांगत असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि टीबी. आपल्या वस्तीत टीबी म्हणजे खोकला एवढेच माहीत आहे. तो किडनीतही जातो, आणि फुप्फुसाचा टीबी बरा होऊन बरीच वर्षे उलटल्यावरही तिथे डोके वर काढू शकतो. त्यात कॅल्शियम साधारण एकाच किडनीत, वेडेवाकडे, खडूच्या भुकटीसारखे दिसते. शेवटी सगळी किडनीच पांढरी होते. डॉक्टर तिला पुट्टी किडनी म्हणतात, भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी. तोवर ती मेलेली असते. हे टाळता येते. वारंवार लघवीला होणे, जळजळ, कधी रक्त. तपासणीत पू निघतो पण कल्चरमध्ये नेहमीचे जंतू उगवत नाहीत. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होऊनही फरक नाही. अशा वेळी “लघवीची टीबीची तपासणी करायची का?” हे तुम्ही स्वतः विचारा. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत.

आता पाण्याकडे वळतो. वर लिहिलेले आजार असणारे लोक कमी. आपल्यातले बहुतेक खडेवाले हे रँडलच्या चट्ट्यावर उगवलेल्या खड्यांचे धनी, आणि त्यांचे सर्वांत मोठे औषध पाणी. इटलीतल्या पार्मा गावच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांचे दोन गट केले. एकाला रोज दोन लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काहीच नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्या गटात १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. औषधाची एक गोळी न देता निम्म्याहून जास्त फरक. हा अभ्यास १९९६ साली छापून आला.

हे मी विहारात सांगितले तेव्हा सफाई खात्यात असलेल्या एक ताई म्हणाल्या, “काका, पाणी प्यायला कोण नाही म्हणतंय? पण जायचं कुठं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या पहाटे हजेरी लावतात आणि दुपारपर्यंत रस्त्यावर असतात. हजेरीच्या जागी बायकांसाठी संडास नाही. म्हणून त्या सकाळी फक्त चहा घेऊन निघतात. नाक्यावर उभी राहणारी बांधकामाची बाई, घरकाम करणारी (चार घरी भांडी घासायची, पण त्या घरांतला संडास वापरायचा नाही), उसाच्या फडात राबणारी, सगळ्यांचे हेच. वस्तीतही सार्वजनिक संडासाची रांग, रात्री दिवा नाही, म्हणून संध्याकाळी सहानंतर आमच्या बायका पाणी पीत नाहीत. दीक्षाभूमीला जाताना रेल्वेत आयाबाया दिवसदिवस घोटभर पाण्यावर काढतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात: रोज तीन लिटर पाणी. ज्या गावात, ज्या कामाच्या जागी बाईला लघवीला जायची सोय नाही, तिथे ही चिठ्ठी अर्धवट आहे. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ नावाने यासाठी मोहीम चालवली, कारण मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे. हसण्यावारी नेलेला तो विषय किडनीचा होता. आपल्या मंडळांनी, महिला बचत गटांनी वॉर्ड ऑफिसला दिव्याच्या खांबासाठी अर्ज करताना त्यातच संडासाचे कुलूप, पाणी आणि दरवाजाची कडी हेही लिहावे.

पाण्याच्या प्रमाणाची एक साधी खूण: लघवी फिकट पिवळी असावी, गडद झाली की पाणी कमी पडते आहे. मात्र ज्यांना किडनी निकामी होत आल्याचे किंवा हृदय अशक्त असल्याचे सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांनी ठरवलेलेच पाणी प्यावे. बोअरचे पाणी जड म्हणून खडा होतो, असे वस्तीत पक्के मानले जाते. जड पाण्याचा दोष तसा स्पष्ट सिद्ध झालेला नाही. जड असो की हलके, ते कमी पिणे हा मोठा दोष.

आणि दूध. खडा कॅल्शियमचा म्हणून कॅल्शियम बंद, हे ऐकायला बरोबर वाटते आणि अनुभवात उलटे निघाले आहे. अमेरिकेत ४५ हजारांवर पुरुषांचा आहार चार वर्षे पाहिला गेला, १९९३ साली तो अभ्यास छापून आला. जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते. पुढे पार्माच्याच डॉक्टरांनी वारंवार खडे होणारे १२० पुरुष घेतले. निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार, निम्म्यांना नेहमीएवढे कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांनी पहिल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. कारण असे की जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि दोघे मिळून शौचावाटे जातात. दूध-दही बंद केले की ऑक्झलेट मोकळे सुटते आणि किडनीत जाते. हे दोन्ही अभ्यास परदेशातल्या पुरुषांवरचे आहेत, पण आतड्यातला हा व्यवहार बाईच्या पोटातही तोच. म्हणून दही, ताक, नाचणी बंद करू नका. पालकाची भाजी केली तर सोबत दही घ्या. कमी करायचे ते मीठ. मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. आपल्या ताटात ते लपून येते: सुकट, बोंबील, पापड, लोणचे, वेफर्स. सुकट सोडा असे मी म्हणणार नाही, मलाच ते जमणार नाही. भिजवून, दोन पाण्याने धुऊन करा आणि त्या दिवशी पापड ठेवा बाजूला. लिंबूपाणी चांगले, त्यात मीठ नको.

दुखणे असह्य झाले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून महिनोन्महिने खाणे किडनीला फार वाईट. आणि दुखण्यासोबत थंडी-ताप आला, लघवी थांबली, एकच किडनी आहे किंवा बाई गरोदर आहे, तर कढण-काढा करत घरी बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

माझी खरी तक्रार व्यवस्थेशी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया बसतात. गरिबाचा खडा फुकट निघतो, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा फायदा घ्यावाच. पण ही योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल न होता रक्त-लघवी तपासून खडा का झाला हे शोधायचे, तर तो खर्च घरातून करावा लागतो. खडा फोडायला पैसे आहेत, कारण शोधायला नाहीत. म्हणून एकाच माणसाचा खडा तीन-तीनदा निघतो आणि तिन्ही वेळा कागदावर यशस्वी शस्त्रक्रिया अशीच नोंद होते. खासगी दवाखान्यांना यात तोटा नाही. सगळे डॉक्टर असे नसतात, आमच्या मॅडमसारखेही पुष्कळ आहेत. तरी प्रश्न आपणच विचारायला हवा.

तेव्हा रिपोर्टात कॅल्शियमचा शब्द दिसला तर विचारा: हे मांसात आहे की लघवीच्या वाटेत? सालीत की गरात? एका बाजूला की दोन्ही? दुसऱ्यांदा खडा झाला असेल, लहान मुलाला झाला असेल किंवा दोन्ही बाजूंना असेल, तर रक्तातले कॅल्शियम, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बायकार्बोनेट, युरिक अ‍ॅसिड आणि साधी लघवी एवढे तपासून द्या म्हणा. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत हे सगळे होते. पडलेला किंवा काढलेला खडा फेकू नका, स्वच्छ डबीत घालून नेऊन द्या, तो कशाचा आहे ते तपासता येते. आणि जुने एक्स-रे जपून ठेवा. तीन वर्षांपूर्वीची प्लेट शेजारी लावली तरच ठिपके वाढले की तेवढेच आहेत हे कळते. पावसाळ्यात खिडकीला लावायला एक्स-रेची प्लेट छान चालते हे मला माहीत आहे, तरी सांगतो.

ती मुलगी आता २३ वर्षांची आहे. सायट्रेटच्या औषधाची चव तिला अजून आवडत नाही. उंची थोडीच वाढली, पण पाय लुळे पडणे पहिल्या दोन महिन्यांतच थांबले आणि तिने बारावी केली. एकदा बसलेले कॅल्शियम सहसा निघत नाही, हे तिला आणि तिच्या आईला मॅडमनी सुरुवातीलाच सांगितले होते. दर सहा महिन्यांनी ती रिपोर्ट घेऊन विहारात येते. गेल्या महिन्यात मी नवी आणि जुनी प्लेट खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. दोन्हींत ठिपके तेवढेच होते.